सहा ते सात घरी

राजाजीनगर, बेंगळुरू
९ जानेवारी २०२५

तुंगाआत्या,

नमस्कार. तुझ्या नंदूने तुला मिरजेत मोबाइलवर माझी मुलाखत दाखवली, पण तुला ऐकू आलं नाही आणि खालची कन्नड अक्षरं भरभर पळाली, म्हणून मी काय बोलले ते तू विचारलं आहेस. सांगते.

राज्य स्पर्धेत हातोडाफेकीत मी दुसरी आले. पहिली आली ती आमच्याच मैदानावरची मुलगी, माझ्याहून बरीच लहान. मागच्या पावसाळ्यात तिचा हातोडा माझ्या खुणेच्या खूप अलीकडे पडायचा, आता पुढे पडतो. तिचा आवाज जाड झालाय, हनुवटीवर पुटकुळ्या आल्यात, आणि सगळे तिच्या मेहनतीचं कौतुक करतात. चॅनेलवाल्याने मला विचारलं, 'मॅडम, तुमची प्रगती का थांबली?' मी म्हणाले, 'थांबलेली नाही. माणूस जेवढा पुढे जातो तेवढी मी दर वर्षी जाते. जे एका पावसाळ्यात कुठल्या कुठे जातात त्यांना विचारा काय घेता म्हणून. त्यांना आणून कोण देतं, तेही विचारा.' नाव कुणाचं घेतलं नाही. पण मैदानावर सगळ्यांनी आपापलं नाव ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भीमसेन सरांनी बोलावलं. कॉलेजात असल्यापासून तेच माझे कोच, तुला ठाऊक आहे. म्हणाले, 'रागाच्या भरात बोलले, एवढं म्हण आणि मोकळी हो.' मी म्हटलं, 'सर, मला राग आलाच नव्हता.' तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. माझ्याआधी सगळ्यांचं फेकून होतं, मग मला जाळीत सोडतात. कुणीतरी एक निरोप पाठवला होता, 'आता तू किती दिवस स्वच्छ राहतेस ते बघतो.'

आत्या, या एका वाक्याने माझी झोप उडाली आहे. आमच्यात नियम असा, की तपासणीत तुझ्या अंगात बंदी असलेलं जे औषध सापडलं ते तुझं. कसं गेलं, कुणी घातलं, हे तू सिद्ध करायचं. गेल्या आठवड्यात फेकून परत आले तर बाटलीचं झाकण सैल होतं. मीच सैल ठेवलं असेल. पण पाणी ओतून दिलं आणि बाटलीही फेकून दिली. आता मैदानावर कुणाच्या हातचं काही घेत नाही. अप्पा डबा भरून देतात आणि त्याला दुकानातलं छोटं कुलूप लावतात. पात्रे अंगडीत, भांड्यांच्या दुकानात, कुलपं का ठेवता म्हणून मी त्यांना हसायचे.

एक गोष्ट फक्त तुला सांगते, अप्पांना कळवू नकोस. आम्हां खेळाडूंना रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो, त्या तासात आम्ही कुठे असू ते. टेस्टिंगवाले न सांगता येतात. मी सकाळी सहा ते सात, घर, असं दिलंय. वर्षभरात तीनदा आपण सापडलो नाही तर दोन वर्षांची बंदी. माझं दोनदा झालं आहे. एकदा माझी मैत्रीण शाल्मली, तिच्याकडे बेळ्ळंदूरला राहिले आणि पत्ता बदलायचं विसरले, निघाले तोवर रिंग रोड तुंबलेला. दुसऱ्यांदा मी घरातच होते. करंट गेला होता, बेल वाजली नाही, ते गेटावरून परत गेले. आता एकदा जरी चुकलं तर लोक काय म्हणतील ते तूच बघ. दुसऱ्यांना शिकवणारी स्वतः पळाली, म्हणतील.

अप्पांना रक्तदाब वगैरे आहे, त्यांना उगीच घोर नको.

तुझी
भार्गवी


मिरज
२० जानेवारी २०२५

चि. भार्गवी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला बोलायची काय गरज होती, असं मी म्हणणार नाही, कारण तुझी आई असती तर तीही हेच बोलली असती आणि मी तिलाही अडवू शकले नसते. पण पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हे. मासे पुष्कळ आहेत आणि तू एकटी आहेस.

भीमसेन सरांनी तुला खेळात लहानाची मोठी केली. त्यांचं ऐकून 'चुकले' म्हटलंस तर तुझं काय जातं? माझं आपलं बाईमाणसाचं डोकं. तुला पटणार नाही हे लिहितानाच कळतंय.

तो सहा ते सातचा तास मला काही आवडला नाही. अंघोळीला गेलीस तर? पोट बिघडलं तर? बेल नीट करून घे. गजराची दोन घड्याळं ठेव, एका घड्याळाचा भरवसा नसतो. तू सांगितलंस ते माझ्यापाशी राहील. इथे मी कुणाला सांगणार, मला कुणाचं ऐकूच येत नाही तर बोलणं तरी कसलं.

आणखी एक. तुझ्या अप्पांना, आमच्या गिरीला, दुकानातली पिंपं, हंडे उचलू देऊ नकोस. नोकराला सांगत जा. वरच्या माळ्यावर माल ठेवायलाही तो स्वतः चढतो, ते बंद कर. थंडीत कानाला काही बांधत जा म्हणावं.

आशीर्वाद.
तुझी तुंगाआत्या


राजाजीनगर
११ फेब्रुवारी २०२५

तुंगाआत्या,

नमस्कार. बेल नीट करून घेतली. बॅटरीवर चालते, करंट गेला तरी वाजते. घड्याळं दोन ठेवली आहेत. तरी मी पाचलाच जागी होते आणि पुढच्या खोलीत गेटाकडे तोंड करून बसते. दूधवाल्याची स्कूटर थांबली तरी उठून उभी राहते. गंमत बघ, सात वाजून गेले की वाईट वाटतं. आज आले नाहीत म्हणजे उद्याचा दिवस पुन्हा तसाच.

अप्पांनाही हल्ली लवकर जाग येते. मी उठते तर ते आधीच शर्ट घालून पायरीवर बसलेले असतात. फिरायला जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, 'वयाने झोप कमी होते.' मागच्या सोमवारी मी अंघोळीला गेले होते, तर बाहेर येईपर्यंत ते न्हाणीघराच्या दाराशी उभे. म्हटलं, 'काय हवंय?' म्हणाले, 'काही नाही, सरी, ठीक आहे, तू आवर.' एकटेपणा वाटत असेल त्यांना.

भीमसेन सरांकडे जाणं बंद केलं. भांडण झालं नाही. एक दिवस मी गेले तर माझं नाव फळ्यावर नव्हतं. विचारलं, तर सर हातोड्याची तार तपासत राहिले. 'फेडरेशनवाल्यांना त्रास होतोय तुझा, स्वल्प दिवस थांब,' म्हणाले. मी थांबले तर राष्ट्रीय स्पर्धा जाईल. मे महिन्यात आहे आणि यंदा आपल्या बेंगळुरातच आहे. अठ्ठावीस वर्षांची झाले मी, आत्या. अशा स्पर्धा माझ्या वाट्याला आता मोजक्याच उरल्या आहेत.

एका कॉलेजच्या मैदानावर परवानगी मिळाली आहे. जाळी फाटकी आहे, म्हणून कुणी नसतं तेव्हाच फेकायचं. रविवारी शाल्मली बेळ्ळंदूरहून येते. ती पुण्याची, कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते, हातोडा कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. आता माझ्या गिरक्यांचा व्हिडिओ काढते आणि म्हणते, 'तिसऱ्या गिरकीला तू मागे वळून बघतेस. कुणी उभं आहे का तिथे?' कुणी नसतं. पण मी बघते हे खरं.

अप्पा माळ्यावर चढत नाहीत आता, नोकर चढतो. तू सांगितलंस म्हणून मी बोलले, तर त्यांनी मुकाट्याने ऐकलं. मला आश्चर्य वाटलं.

तुझी
भार्गवी


मिरज
२४ फेब्रुवारी २०२५

चि. भार्गवी,

मागे वळून बघू नकोस. पाय मुरगळेल. बाकी मला तुझ्या खेळातलं कळत नाही, पण जिथे कुणी नाही तिथे बघण्यात काय हशील?

शिवरात्रीला तुझ्या नावाने अभिषेक सांगितला आहे. तू हसशील, हस.

टेस्टिंगवाले एकदाचे येऊन गेले की लगेच कळव, नंदूच्या मोबाइलवर दोन शब्द टाकलेस तरी चालेल. मला इथे सहा वाजले की देवापुढचा दिवा लावताना तुमचं गेट दिसतं. गिरी लिहितो की सहा ते सात तो घराबाहेर पाऊल ठेवत नाही, म्हणजे तू एकटी नाहीस एवढं तरी समाधान.

त्याला दम लागतो का गं? जेवल्यावर चालताना थांबतो का? डाव्या हाताची तक्रार करतो का? आपलं सहज विचारते. या वयात लक्ष ठेवावं.

आशीर्वाद.
तुंगाआत्या


राजाजीनगर
४ मार्च २०२५

तुंगाआत्या,

तुझं पत्र वाचून मी अप्पांकडे बघत बसले. म्हणजे तू त्यांना सांगितलंस. सहा ते सातचं त्यांना माहीत आहे, म्हणून ते पायरीवर बसतात, म्हणून न्हाणीघराच्या दाराशी उभे राहतात. मी मात्र त्यांना एकटेपणा वाटतो म्हणून संध्याकाळी कॅरम काढत होते.

तुला मी सांगितलं होतं, कळवू नकोस. मी रागावले आहे. फार नाही, पण आहे. मैदानावर कुणावर विश्वास ठेवायचा नाही अशी सवय लागली आहे, ती घरात आणायची नव्हती मला.

अप्पांना मी विचारलं नाही. त्यांना कळलंय हे मला कळलंय, असं त्यांना कळू नये असं वाटलं. आता आम्ही दोघं पहाटे एकमेकांपासून लपवत एकाच गेटाकडे बघत बसतो.

दम लागतो का म्हणून का विचारलंस? थोडा लागतो. दुकानातून येताना कोपऱ्यावर शेजारच्या कृष्णमूर्तींच्या कठड्यापाशी थांबतात, पण त्यांच्याशी गप्पा मारायला थांबतात असं मला वाटायचं. काही असेल तर सांग.

माझ्या मुलाखतीवरून औषधांची चौकशी लागली आहे, त्या चौकशीवाल्यांनी मला बोलावलं होतं. चॅनेलवर बोलणं सोपं गेलं होतं, इथे बंद खोलीत चार माणसांपुढे बसून औषधं कुठून येतात, कोण आणतं, ते सांगावं लागलं. मला जेवढं स्वतः दिसलं तेवढंच सांगितलं. भीमसेन सरांचं नाव घ्यावं लागलं, आत्या. ते देतात असं नाही. पण त्यांच्यासमोर होतं आणि ते दुसरीकडे बघतात, हे मी सांगितलं.

भार्गवी


मिरज
१५ मार्च २०२५

चि. भार्गवी,

हो, मी सांगितलं. एका गेटाला दोन राखणदार बरे, म्हणून सांगितलं. रागाव, पण तुला जाग आली नाही तर त्याला येईल, एवढाच माझा विचार होता. माझ्या भावाला मी ओळखते. त्याला सांगितलं की तो पहारा देईल आणि एक अक्षर बोलणार नाही.

दमाचं सहज विचारलं होतं. साठी उलटली की सगळ्यांनाच लागतो. मलाही देवळाच्या पायऱ्यांवर लागतो. मनात काही आणू नकोस. मे महिन्यापर्यंत तुझं चित्त खेळात राहू दे.

सरांचं नाव घेतलंस ते वाचून मला रडू आलं. त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी ते कळलं नाही.

तुझी तुंगाआत्या


मिरज
८ एप्रिल २०२५

चि. भार्गवी,

युगादी झाली, तुझं पत्र नाही. गिरीचंही नाही. सणाला त्याचं पत्र आलं नाही असं माझ्या लग्नापासून कधी झालं नाही. नंदूने तुला मोबाइलवर विचारलं तर तू 'सगळं ठीक' एवढंच लिहिलंस, असं तो सांगतो. त्याचा चेहरा बघून मला तसं वाटत नाही. तो माझ्याकडे बघून बोलत नाही. ओठ बघितल्याशिवाय मला कळत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तोंड फिरवतो.

काय असेल ते लिही. मी बसून वाचीन.

आत्या


राजाजीनगर
१२ एप्रिल २०२५

आत्या,

बसून वाच.

युगादीनंतरच्या बुधवारी ते आले. सहा वाजून गेले होते, बेल वाजली, मी धावत गेट उघडलं. एक बाई आणि एक माणूस, गळ्यात ओळखपत्रं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना कॉफी विचारली. ती बाई हसली, म्हणाली, 'आम्हाला कुणी कॉफी विचारत नाही.'

लघवीचं पहिलं सँपल फार पाणीदार निघालं. मी घाबरून पहाटेपासून तांब्याने पाणी पिते ना, त्यामुळे. तसं झालं की थांबायचं आणि पुन्हा द्यायचं, तोवर त्यांच्या नजरेसमोर राहायचं. आम्ही पुढच्या खोलीत बसून राहिलो. सात वाजून गेले. तेवढ्यात अप्पा आतल्या खोलीतून आले आणि चौकट धरून उभे राहिले. कपाळावर घाम होता. बाईंनीच विचारलं, 'सर, हुषारिद्दीरा, बरं आहे ना?' अप्पा म्हणाले, 'स्वल्प गॅस.' मला वाटलं, माझ्या टेस्टची धास्ती घेतली आहे. मी हसून म्हणाले, 'अप्पा, आता काळजी नाही. आले ते.' त्यांनी मान हलवली, 'सरी' म्हणाले, आत गेले आणि दार ओढून घेतलं.

दुसरं सँपल झालं, बाटल्या सील केल्या, सह्या झाल्या. ती दोघं बाहेर चपला घालत होती. मी हाक मारली, 'अप्पा, आता कॉफी करते.' आणि दार ढकललं.

ते पलंगाशी जमिनीवर बसले होते, कपाटाला पाठ टेकून. शुद्धीत होते. तोंडात पंच्याचं टोक धरलं होतं, दातांनी घट्ट. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मी ओरडले तशी ती बाई चपलेसकट आत धावत आली. तिनेच त्यांना आडवं होऊ दिलं नाही, तिनेच शेजारी जाऊन कृष्णमूर्तींना उठवलं. त्यांच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. दोघंही टेस्टिंगवाले आमच्याबरोबर आले आणि दुपारपर्यंत थांबले. ती बाई बाकावर माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, 'मॅडम, सांगितलं असतं तर आम्ही तुमच्याबरोबर गाडीत बसून आलो असतो. सँपल इथेच घेतलं असतं. नियमात बसतं ते.'

आत्या, कळलं का तुला? काही अडलं नव्हतं. त्यांनी हाक मारली असती तरी माझं काहीच गेलं नसतं.

बंद पडलेली नळी उघडली आहे. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी अप्पांना विचारलं, हे कधीपासून आहे. अप्पा म्हणाले, 'दिवाळीपासून. मिरजेला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा जिन्यात बसलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासणी करा म्हटलं होतं. मुलीची स्पर्धा होऊ दे म्हटलं, मग करू.' मी तिथेच उभी होते.

तुला माहीत होतं. हंडे उचलू देऊ नकोस, दम लागतो का, डावा हात दुखतो का. मी सरळ विचारलं तेव्हा तू मला देवळाच्या पायऱ्या सांगितल्यास. जे सांगू नकोस म्हटलं होतं ते तू सांगितलंस, आणि जे सांगायला हवं होतं ते लपवलंस. तुझ्या सांगण्याने ते गप्प बसले आणि तुझ्या लपवण्याने मला घाम बघूनही कळलं नाही.

यापुढे मला काही दिवस लिहायचं नाही.

भार्गवी


मिरज
१८ एप्रिल २०२५

भार्गवी,

तू लिहिलंस त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

गिरीने माझ्याकडून वचन घेतलं होतं. मला वाटलं, भावाचं वचन पाळलं आणि भाचीची राखण केली, दोन्ही हातांनी पुण्य केलं. तुझी परवानगी असेल तर मी येईन. नसेल तर नंदूला पाठवीन. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी दर आठवड्याला लिहीत राहीन. फाडून टाकलंस तरी चालेल.

त्याला मीठ कमी घाल.

आत्या


राजाजीनगर
३ जून २०२५

तुंगाआत्या,

तुझी सगळी पत्रं मिळाली. फाडली नाहीत. अप्पा मोठ्याने वाचायचे आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. रोज एक प्रश्न विचारायचे, 'तिला लिहिलंस का?' आज लिहायला बसले.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर पंधरा दिवस मी त्यांच्याशीही धड बोलत नव्हते. औषध द्यायचे, पथ्याचं द्यायचे, बास. एका दुपारी त्यांनीच विषय काढला. म्हणाले, 'तू माझ्यावर रागावली आहेस.'

मी म्हटलं, 'अप्पा, तुम्ही हाक मारली असतीत तर मी टेस्ट टाकून आले असते.'

'ते मला माहीत होतं,' ते म्हणाले. 'म्हणून तर मारली नाही.'

मग ते म्हणाले, 'तू टीव्हीवर बोललीस तेव्हा दुकानात लोक येऊन म्हणत होते, गिरीधरराव, मुलीला आवरा. मी म्हणायचो, ती खरं बोलते. मग मीच कारण व्हायचं का तिला खोटं ठरवायला?'

मी त्यांना सांगितलं, मला खोटं ठरवलं तर ठरवू दे. बंदी आली तर येऊ दे. मी दुकानात बसून भांडी विकेन. पण तुम्ही पंचा दातांत धरून बसलात हे मला रात्रंदिवस दिसतं, आणि त्याला कुठे अपील नाही. ते ऐकून रडले. मीही रडले. दुखलं तर सांगायचं, मी कुठेही असले तरी, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. ते 'बघू' म्हणाले. 'बघू नाही,' मी म्हटलं. मग 'हो' म्हणाले.

सँपलचा निकाल आला. काही सापडलं नाही. एका ओळीचा निकाल.

स्पर्धेला जायचं नाही असंच ठरवलं होतं. अप्पांनी जेवण सोडायची धमकी दिली, आणि पथ्याच्या माणसाने जेवण सोडलं तर डॉक्टर मला रागावतील, म्हणून गेले. कृष्णमूर्ती त्यांना घेऊन आले आणि सावलीत पुढच्या रांगेत बसवलं.

राज्य स्पर्धेत पहिली आलेली ती मुलगीही होती. आत बसायच्या खोलीत ती माझ्याजवळ आली. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, चौकशी चालू आहे ना. म्हणाली, 'अक्का, अप्पा कसे आहेत?' आत्या, तिच्या जाड आवाजाची तिलाच लाज वाटत होती, अगदी ओठांत बोलली. मी म्हटलं, 'बरे आहेत.' तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात लांबून भीमसेन सरांनी तिला हाक मारली आणि ती गेली. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नमस्कार केला नाही, आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं.

मी चांगलं फेकलं. तिसऱ्या गिरकीला मागे बघितलं नाही. पाच फेकी झाल्या तेव्हा मी तिसरी होते आणि शेवटची फेक बाकी होती. हातमोजा घालत होते, तेवढ्यात कठड्यापाशी कृष्णमूर्ती दिसले. हात हलवून बोलावत होते. मी गेले. ते म्हणाले, 'अप्पांनी सांगायला सांगितलंय. छातीवर दडपण वाटतंय म्हणतात. तुझी फेक झाल्यावर ये, असंही म्हणतात, पण मी थांबलो नाही.'

पंच माझं नाव पुकारत होते. मी हातोडा तिथेच ठेवला, हात वर करून नको म्हणून खूण केली आणि कठडा ओलांडून गेले.

मैदानावरच्या डॉक्टरांनी तपासलं. ऊन लागलं होतं आणि सकाळची गोळी घ्यायची राहिली होती. नाडी ठीक होती. तरी त्यांनी हॉस्पिटलात पाठवलं, तिथे दोन तास ठेवून घरी सोडलं. माझ्यामागून फेकलेल्या मुलीचा हातोडा माझ्या खुणेच्या एक वीत पुढे पडला, हे मला गाडीत शाल्मलीने फोन करून सांगितलं. चौथी आले.

अप्पांनी फोनवरचं ऐकलं. राजाजीनगर जवळ आलं तेव्हा म्हणाले, 'उगीच सांगितलं मी. काही झालंच नव्हतं.'

मी म्हटलं, 'पुढच्या वेळीही सांगा.'

'पुढच्या वर्षी फेकणार आहेस?'

'फेकणार आहे,' मी म्हटलं. 'आणि बोलणारही आहे.'

ते डाव्या हाताने माझा हात धरून बसले. मी त्यांच्या मनगटाची नाडी बघत राहिले. मला ती मोजता येत नाही अजून, पण चालू होती.

तू ये. येताना तुझी औषधं विसरू नकोस, आणि तुला काय काय दुखतं ते सगळं मला आल्या आल्या सांग.

तुझी
भार्गवी